नऊ आला तर परवडेल का?

«काका, मी तासगावचा, वय २४. बेदाण्याच्या शीतगृहात आवक-जावक लिहितो. न्यू जर्सीत वाढलेला माझा मामेभाऊ गेल्या दिवाळीत आला आणि त्याची लहानपणीची पोकेमॉन कार्डं मला देऊन गेला. तीनशेच्या वर आहेत, बहुतेक १९९९-२००० सालची. त्यातली १४ मी वेगळी काढली आहेत. ती ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा ठरवून घ्यायला, पाठवावीत असं मनात आहे, पण पीएसए, बेकेट, सीजीसी, एसजीसी या कंपन्यांतलं कोण चांगलं ते कळत नाही. इंटरनेटवर ओळख झालेला एकजण कार्डमागे ३,५०० रुपये घेऊन अमेरिकेला पाठवून देतो म्हणतो. म्हणजे ४९,००० झाले, माझा तीन महिन्यांचा पगार. बाबा म्हणतात, पुठ्ठ्याच्या तुकड्यांपायी पैसे घालवू नकोस. त्यातल्या चारिझार्ड नावाच्या कार्डाचे फोटो जोडले आहेत. तुम्ही सांगाल तसं करीन.
— एक वाचक, तासगाव»

बाळा, तुझ्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याने माझ्यावर जबाबदारी टाकली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पण एक गोष्ट सगळ्यात आधी. त्या माणसाला पैसे दिले नसशील तर देऊ नकोस. दिले असशील तर निदान कार्डं तरी हातची सोडू नकोस. कारण पुढे सांगतोच.

तू बेदाण्यात काम करतोस, त्यामुळे हे प्रकरण तुला चटकन कळेल. सौद्यात व्यापारी काय करतो? नमुन्यातला मूठभर बेदाणा तळहातावर घेतो, बोटाने पसरतो, रंग बघतो, दाणा दाबतो, एखादा तोंडात टाकतो आणि मग भाव बोलतो. माल समोर आहे, हात लावता येतो, त्याला कुणाच्या चिठ्ठीची गरज पडत नाही. पण तोच माल दिल्लीच्या माणसाला न बघता घ्यायचा झाला, तर त्याला मधल्या कुणाचा तरी शब्द लागतो. कार्डाचं ग्रेडिंग म्हणजे हा शब्द. अमेरिकेतल्या एखाद्या गावी बसलेला माणूस तासगावच्या मुलाचं कार्ड हातात न घेता विकत घेणार, तर ‘कार्ड एकदम कोरं आहे’ हे तुझ्या तोंडून ऐकून तो पैसे सोडत नाही. तिसऱ्या कुणीतरी ते खरं आहे का बघायचं, कोपरे-कडा तपासायच्या, एक ते दहामधला आकडा द्यायचा, प्लॅस्टिकच्या कडक पेटीत सीलबंद करायचं आणि पेटीवर नंबर घालायचा. या पेटीला सगळे स्लॅब म्हणतात. आत जाण्याआधी कार्ड जसं होतं तसंच ते आतही राहतं. तू पैसे मोजतोस ते गिऱ्हाइकाच्या विश्वासाचे. म्हणून कंपनी निवडताना तुझं गिऱ्हाईक कोण आणि ते कुणाचा शब्द मानतं, इथूनच सुरुवात करायची.

आता चौघांबद्दल, मला जे वाटतं ते सरळ सांगतो.

पीएसए १९९१ साली अमेरिकेत सुरू झाली आणि आज पोकेमॉनच्या बाजारात तिचा शब्द सगळ्यात जास्त चालतो. एकाच कार्डाचा पीएसएचा १० आणि दुसऱ्या कंपनीचा १० शेजारी ठेवले, तर बहुतेक वेळा पीएसएवाला महाग जातो. कार्ड दोन्हींत सारखंच असेल, पण घेणाऱ्यांची रांग पीएसएपाशी मोठी असते. कुठल्या कार्डाचे किती नग कुठल्या दर्जाचे निघाले याचा आकडा ते जाहीर ठेवतात, त्याला पॉप रिपोर्ट म्हणतात. एखाद्या कार्डाचे १० दर्जाचे हजारो नग आधीच बाजारात आहेत की मोजकेच, हे तुला घरबसल्या बघता येतं. त्यांची वाईट बाजू म्हणजे गर्दी. मार्च २०२१ मध्ये कार्डांचा असा पूर आला की त्यांना स्वस्तातल्या सेवा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. आजही स्वस्त सेवेत कार्ड परत यायला आठवडे नव्हे, महिने लागू शकतात, ही तयारी ठेवावी लागते.

बेकेटची खासियत चार वेगळे गुण. कार्डाचं चित्र मध्यावर आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग, या चारही गोष्टींचा वेगवेगळा आकडा लेबलवर छापून मागता येतो. मला स्वतःला ही पद्धत आवडते, कारण एकूण आकडा का कमी झाला ते कळतं. चारही गुण दहा-दहा आले तर काळं लेबल मिळतं आणि त्याला भाव प्रचंड. पण बेकेटचा साडेनऊ म्हणजे त्यांच्या भाषेत ‘जेम मिंट’, म्हणजे जवळपास निर्दोष, आणि नवख्या गिऱ्हाइकाला साडेनऊ हा दहापेक्षा कमीच वाटतो. लहान मुलाने खेळलेल्या कार्डांना काळं लेबल मिळेल ही आशा मी तरी धरणार नाही.

सीजीसी मूळची कॉमिक्सवाली. ही फ्लोरिडातली कंपनी २००० सालापासून कॉमिक्सना दर्जा देते आणि २०२० मध्ये कार्डांत उतरली, तीही पोकेमॉन आणि मॅजिक या खेळांच्या कार्डांपासूनच. तिच्याकडे दहाही दोन प्रकारचे आहेत, जेम मिंट आणि त्याच्या वरचा प्रिस्टीन. पेटी स्वच्छ, काचेसारखी, कार्ड छान दिसतं. विकायचं नाही, जपून ठेवायचं आहे, अशा कार्डाला मी सीजीसी सुचवतो. एसजीसी १९९८ पासून आहे, जुन्या बेसबॉलच्या कार्डांत तिला मोठा मान. टॉप्स कंपनीचं १९५२ सालचं मिकी मँटल या बेसबॉलपटूचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, ते एसजीसीच्याच साडेनऊच्या पेटीत होतं. २०२४ पासून पीएसए आणि एसजीसी यांचा मालक एकच आहे. पण तुझ्याकडे बेसबॉल नाही, त्यामुळे तिचा विचार सोडून दे.

म्हणजे विकायचं तर पीएसए, ठेवायचं तर सीजीसी. देशातली एखादी नवी सेवा स्वस्तात करून देत असेल तर एकच गोष्ट बघ, तिच्या पेटीतली कार्डं अनोळखी माणसं चढ्या भावाने विकत घेताना दिसतात का. दिसत नसतील तर ती पेटी शोभेची आहे, एवढं समजून घे.

आणि मोठ्या कंपनीचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य असंही समजू नकोस. होनस वॅग्नर नावाच्या बेसबॉल खेळाडूचं १९०९ ते १९११ च्या काळातलं सिगारेटच्या पाकिटातलं एक कार्ड आहे, या छंदातलं सगळ्यात प्रसिद्ध. १९९१ मध्ये हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदाराने ते लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. पीएसएने आयुष्यात पहिल्यांदा ज्या कार्डाला दर्जा दिला ते हेच, आणि दर्जा दिला ८. पुढे २०१३ मध्ये, ते कार्ड आधी ज्याच्या हातातून गेलं होतं त्या बिल मास्ट्रो नावाच्या व्यापाऱ्याने कबूल केलं की त्याने कार्डाच्या कडा कापून सरळ केल्या होत्या. कापलेल्या कार्डाला दर्जा द्यायचा नाही हा तर या धंद्याचा पहिला नियम. तेव्हा आकड्यावर विसंबायचं, पण आपला डोळाही तयार करायचा.

डोळा तयार करायचा तो तुझ्या चारिझार्डपासून. फोटो मी मोठा करून दोनदा पाहिला. कार्डाचा क्रमांक आहे ४/१०२, म्हणजे ते १९९९ च्या इंग्रजी बेस सेटमधलं, पहिल्या संचातलं, यात शंका वाटत नाही. चित्राच्या खाली डावीकडे पहिल्या आवृत्तीचा छोटा शिक्का असतो, तो इथे नाही. चित्राच्या चौकटीला उजवीकडे सावली छापलेली आहे. म्हणजे हे साधं, सर्वात जास्त छापलं गेलेलं चारिझार्ड आहे. पहिल्या आवृत्तीचे लाखो रुपयांचे आकडे वाचून तू या कार्डाची किंमत ठरवत असशील तर थांब. मागचा फोटो बघ. निळ्या कडेला डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात पांढरं दिसतंय, खडूचा ठिपका पडावा तसं. आतला पुठ्ठा उघडा पडला आहे. उजव्या कडेलाही मधे दोन ठिकाणी तसंच. समोर चकाकत्या भागात आडवे दोन ओरखडे आहेत, फोटोत एकच दिसतो, पण प्रकाश जिथे तुटला आहे तिथे दुसरा आहे. माझ्या अंदाजाने हे कार्ड सहा-सातच्या पुढे जाणार नाही. सहाचंही मोल आहे, चारिझार्ड आहे शेवटी. पण दहाची स्वप्नं बघून पाठवलंस तर पेटी परत आल्यावर मन मोडेल.

बाकीची १३ कार्डं तू स्वतः तपास. रात्री खोलीतले दिवे घालव, मोबाइलची बॅटरी लाव आणि कार्ड तिच्यासमोर तिरकं धरून हळूहळू फिरव. दिवसा न दिसलेले ओरखडे, दाबाच्या खुणा, छपाईच्या रेघा उजळून निघतात. सराफाकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन चारही कोपरे आणि मागची निळी कड सावकाश बघ. मग पारदर्शक पट्टी घेऊन समोरची पिवळी किनार डावीकडे किती मिलिमीटर आणि उजवीकडे किती ते मोज, वर-खालीही मोज. डावीकडे ३ आणि उजवीकडे अडीच असेल तर साधारण ५५-४५ होतं, पीएसएच्या दहाला समोरून एवढंच चालतं. डावीकडे साडेतीन आणि उजवीकडे २ असेल तर ६४-३६ झालं. मग कोपरे कितीही कोरे असोत, दहा येत नाही. मागच्या बाजूला ते बरेच सैल असतात, ७५-२५ पर्यंत.

कपड्याने, ओल्या बोटाने, चष्म्याच्या द्रवाने कार्ड पुसू नकोस. रंग उडालेल्या कडेला निळ्या स्केचपेनने रंग तर अजिबात लावू नकोस. हे सगळं त्यांना भिंगाखाली दिसतं. मग कार्डाला दर्जा मिळत नाही, ‘फेरफार केलेलं’ असा शेरा मिळतो आणि फी बहुतेक जातेच.

आता हिशेब. पीएसएच्या स्वस्तातल्या सेवेचा दर अमेरिकेत २०२५ मध्ये साधारण २० ते ३० डॉलरच्या घरात होता. दर बदलतात, अगदी स्वस्त सेवेला कमीत कमी किती कार्डं हवीत याचीही अट असते, म्हणून पाठवायच्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर बघूनच ठरव. त्याशिवाय कार्डाची किंमत आधी लिहून द्यावी लागते आणि त्यावर सेवा ठरते. दर्जा चांगला लागून कार्ड त्या मर्यादेपेक्षा महाग निघालं, तर वरच्या सेवेचा दर वसूल करतात. जाण्या-येण्याचा विमा आणि टपाल वेगळं. म्हणजे इथून सगळं धरून कार्डमागे तीन हजारांच्या आसपास जाणारच. त्या माणसाचा ३,५०० चा भाव अवाच्या सवा नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

प्रश्न आहे तो १४ कार्डांचा. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर जाऊन ‘विकली गेलेली’ ही खूण लाव. नुसती मागितलेली किंमत बघू नकोस, मागायला कुणीही काहीही मागतो. प्रत्येक कार्डासाठी दोन आकडे वहीत लिही: बिनपेटीचं, म्हणजे रॉ कार्ड कितीला गेलं आणि पीएसए ९ कितीला गेलं. दहाचा आकडा लिहायचाच नाही. नऊच्या किमतीतून रॉची किंमत आणि तीन हजार वजा करून काही उरलं, तरच ते कार्ड पाठवण्याच्या रांगेत. आणि बॅटरीखाली ज्याच्यावर ओरखडे दिसले त्याला नऊऐवजी सहा-सातचा भाव लावून बघ. माझा अनुभव असा की अशा चौदांतून तीन किंवा चार उरतात. बाबांना तुझी ही वही दाखव. पुठ्ठ्याचे तुकडे म्हणणारा माणूस हिशेब समजत नाही असं थोडंच आहे? त्यांचा राग ४९,००० वर आहे, आणि त्या बाबतीत ते बरोबर आहेत.

आता त्या मध्यस्थाबद्दल. काही वर्षांपूर्वी मीही असाच एकाकडे सहा कार्डं दिली होती. बोलायला गोड, आधी इतरांची कामं केलेला. मी यादी करून दिली नाही, फोटो काढले नाहीत, पावती मागितली नाही, ओळखीत कसली पावती असं वाटलं. चौदा महिन्यांनी पाच कार्डं परत आली. सहावं आलं नाही. त्याने कंपनीकडे बोट दाखवलं, आणि माझ्या हातात विचारायला कागदाचा एक चिटोरा नव्हता, कारण कंपनीच्या खात्यात नाव त्याचं होतं. ते कार्ड माझ्या धाकट्या भावाने पहिल्या पगारातून मला आणून दिलेलं होतं. पैशाचं दुःख कधीच विरलं, भावाला अजून सांगितलेलं नाही. म्हणून मध्यस्थ घ्यायचाच झाला तर प्रत्येक कार्डाचे पुढून-मागून फोटो, सही केलेली यादी, कंपनीच्या खात्यातला पोचेचा नंबर आणि विमा कुणाच्या नावावर ते लेखी. यातलं एक जरी द्यायला तो कां-कूं करत असेल तर हात जोड आणि निघ.

पण तुला मध्यस्थ हवाच कशाला? तुझा मामेभाऊ न्यू जर्सीत आहे. त्याने स्वतःच्या नावाने खातं काढलं, तिथल्या पत्त्यावरून कार्डं पाठवली आणि तिथेच परत घेतली, तर समुद्रापलीकडची दोन्ही पार्सलं वाचतात. ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी अमेरिकेने बंद केली आहे, म्हणजे इथून पाठवणं आता आणखी किचकट झालं. आणि तिकडून भारतात परत येणारं कार्ड आपल्या कस्टम्सच्या दृष्टीने आयातच. हे माझंच आहे, मीच पाठवलं होतं, हे पटवायला जातानाचे कागद, फोटो, बीजक सगळं दाखवावं लागतं, नाहीतर आपल्याच वस्तूवर कर भरायची पाळी येते. शिवाय पोकेमॉनच्या जुन्या इंग्रजी कार्डांचं गिऱ्हाईक तिकडेच मोठं आहे. मामा-मामी किंवा त्यांच्या ओळखीचं कुणी इकडून जाणार असेल, तर निवडलेली कार्डं मऊ पातळ कव्हरात घालून, त्यावर कार्ड सेव्हर म्हणतात ते अर्धकडक पाकीट चढवून, हातातल्या बॅगेतून पाठव. सामानात टाकायची नाहीत. रबरबँड लावायचा नाही, चिकटपट्टी कार्डाला लागता कामा नये.

आणि त्याला फोन करायचं आणखी एक कारण आहे, जे तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही. त्याने कार्डं दिली तेव्हा त्यांची किंमत त्याला ठाऊक होती का? दिली म्हणजे दिली, कायद्याने ती तुझी, मान्य. पण उद्या एखादं कार्ड मोठ्या रकमेला गेलं आणि त्याला ते दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर पुढच्या दिवाळीला तो तुमच्या घरी कुठल्या मनाने जेवायला बसेल? आजच सांग, ‘दादा, यातली काही कार्डं विकण्यासारखी आहेत, मी हिशेब करतोय, तुझी इच्छा काय?’ तो बहुधा म्हणेल, तूच ठेव. एखादं कार्ड त्याला परतही हवं असेल, लहानपणीचं आवडतं. तसं असेल तर ते कितीही महाग असो, त्याला दे.

तोवर कार्डं नीट ठेव. आपल्याकडची हवा पावसाळ्यात काय करते ते तुला माहीत आहे. चकाकत्या कार्डात धातूचा पातळ थर पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो. पुठ्ठा दमट हवा पिऊन फुगतो, वरचा थर फुगत नाही, आणि कार्ड पापडासारखं वाकतं. प्रत्येक कार्ड कव्हरात, सगळी घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. तुमच्या शीतगृहात ठेवायचा विचार मनात आला असेल तर काढून टाक. गार जागेतून बाहेर काढल्याबरोबर त्यांच्यावर घाम धरतो, बेदाण्याच्या पेटीवर धरतो तसाच.

डबा वरच्या फळीवर ठेव. मी सांगलीच्या गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही माणसं आणि धान्य माडीवर नेलं, आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातले दोन अल्बम विसरलो. पाणी ओसरल्यावर उघडले तर चित्रांचे पापुद्रे प्लॅस्टिकच्या पानांना चिकटलेले, पान उलटलं की चेहरा पानावर आणि पांढरा पुठ्ठा हातात. स्लॅबही पाण्याला दाद देत नाही असं समजू नकोस, तो ओरखड्यापासून वाचवतो, पुरापासून नाही.

तासगावला नदीचा धोका नसेल, पण घराची कौलं तर गळतात. या रविवारी बॅटरी, पट्टी आणि वही घेऊन बस, आणि संध्याकाळी दादाला फोन लाव. तिथे तेव्हा सकाळ असते. उरलेल्या तीन-चार कार्डांचे तिरक्या उजेडातले फोटो मला पाठव, मी प्रत्येकाखाली माझा अंदाज लिहून कळवीन.